हरला तो उठला

नवीन माणूस पार्लरमध्ये आला की आधी टीव्हीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि विचारायचा, "मालक कुठे आहेत?" मी म्हणायचे, "बसा, येतीलच." तो बसायचा, खेळायचा. वेळ संपल्यावर मी मागे जाऊन उभी राहिले की त्याच्या डोक्यात उजेड पडायचा. जाताना "बरं येतो, अक्का" म्हणायचा आणि पुढच्या वेळी मालकाची चौकशी करायचा नाही. इतकी वर्षं हा खेळ मी न कंटाळता खेळले, कारण यात मी कधी हरले नाही.

मूळची मी धुळ्याची. जळगावात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत मी व्हिडिओ गेमचं पार्लर चालवलं, आणि नावापुरतं अजूनही चालवते. 'गेममुळे पिढी बिघडली का?' यावर लिहा, असं या अंकाच्या मंडळींनी मला सांगितलं होतं. पिढीचं मला काही कळत नाही. गेमचं कळतं. माझ्या दुकानात आलेला प्रत्येक गेम मी स्वतः खेळले आहे, आणि प्रत्येकाबद्दल माझं मत आहे. ते आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून ते आधी सांगून घेते. त्यानंतर मला प्रल्हादनानांबद्दल लिहायचं आहे. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी हातात पेन धरलं.

धुळ्याला सहाव्या गल्लीत आमच्या ह्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही टाकून जायचे आणि काही जण न्यायलाच यायचे नाहीत. असाच एक बेवारस टीव्ही दुकानात पडून होता. ह्यांनी सुरतेहून येताना कॅसेट घालून खेळायचा गेम आणला आणि त्या टीव्हीला जोडला. गिऱ्हाइकांनी थांबून राहावं एवढाच हेतू. दुपारी हे जेवून आडवे व्हायचे आणि दुकानात मी बसायचे. उन्हाळ्याच्या दुपारी धुळ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, दुकानात कोण येणार? मी टीव्ही लावायचे. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई दुकानाची फार काळजी करते.

तेव्हा गेमची खरी नावं कोणाला ठाऊक नव्हती. कॅसेटवर जपानी नाहीतर चिनी काहीतरी लिहिलेलं असायचं. आम्ही आपापली नावं पाडली होती. टँकचा, विटांचा, उड्यांचा, मारामारीचा. टँकच्या गेमला माझ्या लेखी तोड नाही. दोघांनी शेजारी बसायचं, शत्रूचे टँक फोडायचे आणि आपल्या घराभोवतीची विटांची भिंत राखायची. त्यात चुकून आपलीच गोळी आपल्याच घराला लागते आणि डाव संपतो. हे आणि मी खेळताना हे दर वेळी तसंच करायचे आणि दर वेळी मलाच बोलायचे. विटांच्या गेममध्ये वरून विटा पडत राहतात आणि आपण त्या नीट बसवत राहायचं. तो गेम मला कधी आवडला नाही. संसारात दिवसभर तेच करून झाल्यावर पुन्हा कोण करेल? उड्यांच्या गेममधला माणूस पुढे पुढे पळत जायचा. मागे राहिलेलं नाणं दिसायचं, पण मागे वळता यायचं नाही, पडदाच मागे सरकायचा नाही. पोरं नाण्यासाठी हळहळायची. मला त्या न वळण्याचीच धास्ती वाटायची. हे अचानक गेले त्यानंतर तो गेम मी फार दिवस लावला नाही.

नियम धुळ्याचाच. टीव्ही एक, आणि खेळायला टपलेले पुष्कळ. मग ह्यांनी ठरवलं, हरला तो उठला. दोघं खेळतील, जो हरेल त्याने आपला रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा आणि खुर्ची सोडायची. जो जिंकेल तो बसून राहील. कंट्रोलरला आमच्याकडे रिमोटच म्हणतात, तुम्हीही समजून घ्या. रिमोट बाजूला ठेवून उठायचं नाही, हातात द्यायचा, हे ह्यांचं खास. कोणी चिडून टाकून गेला तर दुसऱ्या दिवशी त्याला खेळायला मिळायचं नाही. नगरसेवकाचा पोरगा असो की हमालाचा, उठायचं म्हणजे उठायचं. त्या काळी लाइट सारखी जायची. लाइट गेली की न हरताच सगळे उठायचे, आणि कोणाचा डाव कुठे होता यावरून अंधारात जी भांडणं व्हायची ती गेमपेक्षा रंगतदार असायची.

हे गेल्यावर मी भावाच्या आधाराने जळगावला आले आणि गाळा घेऊन पार्लर टाकलं. तुमच्यापैकी कोणी कधी पार्लरमध्ये पाऊल टाकलं नसेल, तर यात करायचं काय असतं ते सांगते. टीव्ही असतात, त्यांना गेमची मशिनं जोडलेली असतात, गिऱ्हाईक वेळेच्या हिशेबाने खेळतं. दिसायला बसून खायचं काम. पण सगळं दुकान रिमोटवर चालतं. रिमोटवर अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या असतात. कोणाच्या बोटाला शेवभाजीचा तेलकट रस्सा लागलेला असतो, कोणाला घाम असतो, आणि गोल झाला नाही की त्याच दांडीवर राग काढतात. दांडी आतून झिजली की तिला हात न लावता ती आपोआप सरकायला लागते. पडद्यावरचा माणूस उभ्या जागी डावीकडे चालू लागतो. ही दुरुस्ती मी ह्यांचं बघून बघून शिकले होते. रिमोट उघडायचा, आतली धूळ काढायची, दांडीखालचा झिजलेला भाग बदलायचा. सरकणारा रिमोट हातात घेतला की मला डोळे मिटून कळायचं.

गिऱ्हाइकंही एकेक होती. एक रिक्षावाले भाऊ होते, स्टेशनच्या स्टँडवरचे. गाडीच्या गेममध्ये ते लाल सिग्नलला थांबायचे. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि हे हिरव्याची वाट बघत बसायचे. दर वेळी शेवटचा नंबर. त्यांच्याच रिक्षातून मी एकदा घरी गेले तर वाटेत एकाही सिग्नलला थांबले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्का, तिथे कोणी मागून हॉर्न मारत नाही." गाड्यांच्या गेमबद्दल माझं मत या भाऊंमुळे बदललं. मला वाटायचं ते वेगासाठी असतात. काही माणसं तिथे शांतपणे चालवायला येतात.

मारामारीच्या गेमबद्दल लोक नाकं मुरडतात. माझ्या दुकानात मारामारीचा गेम खेळणारे कधी मारामारीवर आले नाहीत. फुटबॉलवाले आले. आणि आता ज्या गेमने माझं दुकान बुडवलं त्याबद्दल. तो फोनवरचा. विमानातून पुष्कळ माणसं एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी एकच उरतो. मी तोही खेळले, नावं ठेवायची तर खेळून ठेवावीत म्हणून. गेम चांगला बांधलेला आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यात जो मरतो तो कोणाच्या हातात काही देत नाही. तो जातो आणि त्याच्या जागी कोणी बसत नाही. प्रत्येकाची खुर्ची त्याच्या खिशात. पोरं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याच दुकानाकडे पाठ करून तो खेळायची. त्या पाठींचं मला वाईट वाटायचं, आजही वाटतं.

आता प्रल्हादनाना.

प्रल्हादनाना सराफ बाजारातले कारागीर. मूळचे शिरपूरकडचे, म्हणून बोलायचे अहिराणी. जळगावच्या बोलीची मला सवय झाली होती तरी धुळ्याकडची बोली कानावर पडली की माझा जीव हलका व्हायचा. एका मारवाडी शेठच्या पेढीमागे कारखाना होता, तिथे ते खूप वर्षं बसत. त्यांचं काम रव्याचं. सोन्याचे मोहरीहून बारीक गोळे करायचे, ते चिमट्याने उचलून दागिन्याच्या कडेवर एकेक मांडायचे आणि फुंकणीने ज्योत वळवून डाख पाघळवून चिकटवायचे. डाख म्हणजे जोड देणारा धातू. ज्योत केसभर इकडेतिकडे झाली की डाख पसरतो, रवे वितळून एकमेकांत जातात आणि सगळं काम वाया. बाजारात बाकीचे कारागीर होते, पण रव्याला नानांचंच नाव घ्यायचे. लग्नसराईत लोक नुसती वाट बघत थांबायचे.

जेवण झाल्यावर डोळ्यांना जरा विसावा म्हणून ते माझ्याकडे यायचे. डोळ्यांच्या विसाव्याला टीव्ही बघणारा माणूस मी एकच पाहिला. ते एकच गेम खेळायचे, नेमाचा. लांबवर नेम धरायच्या निशाण्या असतात, बंदुकीला दुर्बीण असते, दुर्बिणीतून बघितलं की निशाणी एकदम जवळ येते. पण निशाणी मोठी दिसते तसा हातही मोठा दिसतो. अंगठा जरा हलला तरी दुर्बिणीतला काटा हातभर सरकतो. काही गेममध्ये काटा मुद्दाम हलता ठेवतात, माणसाचा श्वास चालू आहे असं दाखवायला. ती मला लबाडी वाटते. हा गेम सरळ होता. जेवढा तुमचा हात हलेल तेवढाच काटा. नानांचा काटा निशाणीवर जाऊन बसायचा तो गोळी सुटेपर्यंत हलायचा नाही. कॉलेजची पोरं त्यांच्यासमोर बसायची आणि पटापट उठायची. नाना कधी कोणाला हसले नाहीत. रिमोट देऊन उठणाऱ्याला म्हणायचे, "उद्या ये." सुट्टीच्या दिवशी त्यांची लेक जागृतीही बरोबर असायची, दोन वेण्या घातलेली. तिलाही त्यांनीच नेम धरायला शिकवलं. मी तिला पाणी द्यायचे आणि ती मला "अक्का, मी नानांना कधी हरवेन?" असं विचारायची.

पुढे जागृती मोठी झाली, बी.कॉम. झाली, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागली. माझं दुकान ओस पडत गेलं, पण नाना येत राहिले. एक दिवस ते खेळताना मध्येच थांबले.

"अक्का, रिमोट खराब शे. बदली द्या."

मी दुसरा दिला. थोड्या वेळाने तोही परत आला. दांड्या सरकत असतील म्हणून मी दोन्ही रिमोट ठेवून घेतले, उघडले, साफ केले, खालचे भाग बदलले. दुसऱ्या दिवशी तेच. पडद्यावरचा काटा निशाणीच्या भोवती बारीक बारीक थरथरत होता. सरकणारी दांडी एकाच बाजूला जाते, थरथरत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण ध्यानीमनी नसलं की समोरचंही दिसत नाही. मी नानांसाठी नवा कोरा रिमोट मागवला. तो त्यांच्या हातात दिला, त्यांनी नेम धरला, काटा थरथरला. मी म्हटलं, "नाना, जरा इकडे द्या." मी धरला. काटा जागच्या जागी उभा राहिला.

आम्ही दोघांनी तो काटा बघितला. नानांनी डावा हात उजव्यावर ठेवला.

"मन्हा हात कापस, अक्का," ते म्हणाले. "कोणले सांगू नका."

नुसत्या हाताकडे बघून काही दिसत नव्हतं. चहाचा कप ते नीट धरत. पडदा मात्र दाखवत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वयाबरोबर हे वाढेल असंही सांगितलं होतं. त्यानंतर नाना रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी येऊ लागले. खेळायला नव्हे, हात बघायला. दुर्बीण लावायचे, काटा निशाणीवर न्यायचे आणि बघत राहायचे. कधी काटा जरा शांत असायचा, तेव्हा ते तरातरा कारखान्याकडे जायचे. कधी नुसतेच उठून जायचे. त्यांना हात धरून काही सांगावं असं मला फार वाटायचं, पण काय सांगणार?

मग मी माझ्या परीने एक गोष्ट केली. बहुतेक गेममध्ये नेम धरायला मदत करणारी सोय असते. ती चालू केली की काटा निशाणीजवळ गेल्यावर आपोआप तिला चिकटतो. नवशिक्यांसाठी असते ती. एका सकाळी नाना यायच्या आधी मी ती चालू करून ठेवली. नाना बसले. काटा निशाणीवर गेला आणि स्थिर झाला. माझ्याच मनाला बरं वाटलं. नानांनी एक गोळी झाडली, दुसरी झाडायला गेले आणि थांबले. काटा त्यांनी मुद्दाम जरा बाजूला नेऊन सोडला. तो परत निशाणीकडे ओढला गेला.

"अक्का, हाऊ मन्हा नेम नही," ते म्हणाले.

रागावून नाही म्हणाले. परक्याचा डबा चुकून आपल्या हातात यावा आणि परत करावा, तसा त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. मी ती सोय बंद केली आणि पुन्हा कधी लावली नाही.

त्याच दिवशी ते बोलले. लग्नसराई तोंडावर होती, शेठकडे मागण्या येत होत्या, आणि कारखान्यात हात घट्ट धरूनही रवा बसत नव्हता. मग ते काम घरी नेऊ लागले. जुना कारागीर, शेठचा विश्वास, कोणी विचारलं नाही. घरी जागृती करत होती. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून ती हे शिकली होती, हौस म्हणून. आता ऑफिसातून आली की ती फुंकणी घ्यायची. पेढीवर शेठ डोळ्याला भिंगाची काच लावून बघत आणि म्हणत, "नाना, हात अजून तरणा आहे तुमचा." नाना मान हलवत.

"काम तिनं, नाव मन्हं," नाना म्हणाले.

माझ्या तोंडून धुळ्याची बोली निघाली. "मंग तिलेच बठाडा ना तठे, नाना!"

"कारखानामा आजलोंग कोणी पोर बठनी नही, अक्का. आनि ती बठनी तर मी कोठे बठू?"

त्यातली पहिली गोष्ट लोकांची होती आणि दुसरी त्यांची स्वतःची. मला दोन्ही कळल्या. खूप वर्षं एका जागी बसलेल्या माणसाला ती जागा सोडणं म्हणजे काय, हे रिकाम्या दुकानात बसलेल्या मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नंतरच्या रविवारी दुपारी नाना जागृतीला घेऊन आले. ती आता माझ्याहून उंच होती. दुकानात रविवार म्हणून कॉलेजची चार पोरं फुटबॉलसाठी आली होती. नानांनी मला नेमाचा गेम लावायला सांगितला, दोघांचा. पडदा मधोमध दुभागतो, अर्धा याचा, अर्धा त्याचा. दोन काटे शेजारी शेजारी दिसतात.

"नाना, आज काय हे?" जागृतीने विचारलं.

"खेळ," नाना म्हणाले.

डाव सुरू झाला. नानांचा काटा थरथरत होता, पण वर्षांचा सराव होता. थरथर निशाणीवरून जाते तो नेमका क्षण पकडून ते गोळी सोडत होते. जागृतीचा काटा येऊन बसला की बसला. तरी तिच्या गोळ्या चुकत होत्या. निशाणीला चाटून, अगदी थोडक्यात. मी मागे उभी होते. माझ्या ध्यानात आलं, आणि नानांच्याही.

त्यांनी डाव थांबवला. "मुद्दाम हारू नको," ते म्हणाले. "मन्हा जीव जास तठे. धड खेळ."

जागृतीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग तिने बाहीने डोळे पुसले, सरळ बसली आणि खेळली. एकही गोळी चुकली नाही. नाना हरले. इतक्या वर्षांत त्यांना माझ्या दुकानात हरताना मी पहिल्यांदा बघितलं.

मागे उभी असलेली पोरं नानांच्या खुर्चीकडे बघू लागली. नियम सगळ्यांना ठाऊक होता. नानांनी आता उठायचं आणि रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा. नाना उठले नाहीत. रिमोट मांडीवर धरून बसून राहिले. "नाना, चला ना घरी," जागृती म्हणाली. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. नियम मोडला म्हणून कोणाला ओरडायचं काम माझं होतं आणि मी ते कधी टाळलं नव्हतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. पोरं एकेक करून चहाला म्हणून बाहेर पडली. शेवटी नानांनी रिमोट टेबलावर पालथा ठेवला, कोणाच्याही हातात न देता, आणि लेकीच्या पुढे चालत निघून गेले.

मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. पण दुसऱ्याच दिवशी मी शटर वर करत होते तर नाना समोर उभे.

"अक्का, तुम्हनी पोत लई या," ते म्हणाले. "रवा झडेल शे ना तिना?"

माझ्या मंगळसूत्राच्या एका वाटीची रव्याची कड झडली होती, ते त्यांना ठाऊक होतं. मीच कधीतरी बोलले होते. हे गेल्यावर ती पोत मी डब्यात ठेवली होती. दुरुस्त करून तरी कोणासाठी करायची, म्हणून राहून गेलं होतं. आता नानांना ती का हवी, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. जागृतीला कामाला बसवायचं म्हणून शेठशी ते सकाळीच बोलले होते. शेठ भला माणूस, पण गिऱ्हाइकाचं सोनं पोरीच्या हातात द्यायला त्याचा धीर होत नव्हता. काम बिघडलं तर पेढीचं नाव जाईल. नाना म्हणाले, मग अशा गिऱ्हाइकाचं सोनं आणतो जे बिघडलं तरी बोलणार नाही. आणि ते माझ्याकडे आले होते.

बिघडलं तर ती वाटी पुन्हा तशी होणार नव्हती, आणि ती करून देणारे हेही नव्हते. मी घरी गेले, डबा उघडला आणि पोत घेऊन आले.

कारखाना म्हणजे पेढीमागची लांबट खोली. कारागीर जमिनीवर ओळीने बसलेले, प्रत्येकापुढे लाकडाचा बुटका पाट, दिवा, फुंकणी. खिडकीजवळची, चांगल्या उजेडाची जागा नानांची. जागृतीसाठी दाराशी एक गोणपाट टाकून पुढे जादा पाट, दिवा आणि फुंकणी ठेवली होती. नाना आपल्या जागेवर जाऊन बसले. जागृती दाराशी बसली. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती, ओढणी मागे घट्ट बांधलेली. शेठ काच हातात घेऊन उभे. मला एका कारागिराने स्टूल दिलं.

जागृतीने वाटी पाटावर घेतली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली. तिने सोन्याची तार बारीक तोडली, गोळे केले, चिमट्याने एकेक उचलून कडेवर मांडले, डाखाचे कण ठेवले. मग फुंकणी तोंडाला लावली. ज्योत वाकली, लांब झाली. हळूहळू बाकीच्या फुंकण्या थांबल्या. वाटी तापून लाल झाली आणि डाख एकदम पाण्यासारखा चमकून पळाला. जागृतीने ज्योत बाजूला घेतली.

शेठनी वाटी निवू दिली, धुतली आणि काच लावून उजेडात फिरवून फिरवून बघितली. बराच वेळ बघितली.

"नाना, मला फसवू नका," ते म्हणाले. "हा तुमचाच हात आहे. नवीन रवा कुठला, जुना कुठला, मला कळत नाही. तिला तुम्ही आधी अर्धं करून दिलं असेल."

"मन्हा हात नही, शेठ," नाना म्हणाले. "मन्हा हात हाऊ शे. देखा."

आणि इतके दिवस ज्या हातावर ते दुसरा हात ठेवून बसत होते, तो उजवा हात त्यांनी वर केला. सगळ्या कारागिरांसमोर, खिडकीच्या उजेडात, बोटं पसरून. तेव्हा तो सगळ्यांना दिसला. त्यांनी खाली घेतला नाही. कापू दिला. शेठच्या हातातली काच खाली आली. जागृती चिमटा हातात धरून बापाकडे बघत होती आणि रडत होती. मीही.

मग नानांनी दुसरा हात जमिनीला टेकला आणि उठले. बसायची चादर झटकली. पाटावरची फुंकणी उचलली, चालत दारापर्यंत आले आणि ती जागृतीच्या हातात दिली. ठेवली नाही, हातात दिली.

"बठ तठे," त्यांनी खिडकीकडे बोट करून सांगितलं.

जागृती शेठकडे बघत थांबली. शेठ बाजूला झाले. ती गेली आणि खिडकीजवळ बसली. नाना माझ्या स्टुलाशी येऊन उभे राहिले, आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"काल मी उठनू नही, अक्का. आते उठनू."